निळ्या पदरातले अकरा चौक

भिंतीवरच्या निळ्या पदरात एका जागी चार तुकड्यांचे कोपरे एकाच बिंदूत आले होते.

सिंधुताईंनी भिंग खाली घेतलं, पुसलं, पुन्हा वर नेलं. तसे बिंदू मोजले. अकरा भरले. सगळे दोन वीत लांब, एक वीत रुंद एवढ्याच पट्ट्यात, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर. बाकीच्या साठ फूट भिंतीवर असा बिंदू एकही नव्हता. त्या पट्ट्यातलं पांढरं सिमेंटही स्वच्छ होतं. आजूबाजूच्या सांध्यांत दोन वर्षांची धूळ बसलेली.

सेक्टर २ च्या बागेतली ही भिंत नरहरी मेश्राम तीन वर्षं घडवत होते. घराघरांतून जमवलेल्या फुटक्या कपबशा आणि टाइल्सचे तुकडे लावून त्यांनी भट्टीसमोर विटा वाहणाऱ्या बायांचं चित्र उभं केलं होतं. गेल्या सोमवारी सकाळी ते परांचीखाली मेलेले सापडले. डोक्याची मागची बाजू फुटली होती.

"काही दिसलं का, ताई?" शेषराव मागून म्हणाले. ते नगर ठाण्यातले जमादार. सिंधुताईंनी एकतीस वर्षं स्टील प्लांटच्या प्रयोगशाळेत विटा आणि सिमेंट तपासलं होतं, म्हणून शेषरावांनी आज त्यांना बोलावलं होतं.

"जखमेत काय सापडलं?"

"टाइलची कपची. निळी. वरून पडले, खाली तुकड्यांचा ढीग होताच."

"ढीग दाखवा."

पंचनाम्यानंतर तो गोणीत भरून ठेवला होता. सिंधुताईंनी गोणी फरशीवर रिकामी केली. सगळे तुकडे लाल होते. नरहरी त्या दिवसांत वर भट्टीच्या ज्वाळा लावत होते.

शेषरावांनी पायानं दोन-चार तुकडे उलटे करून पाहिले. खालीही लालच.

"डॉक्टर अजून काय म्हणाले?"

"लगेच नाही गेले म्हणे. तास-दीड तास जीव होता." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "साहेब म्हणून राहिले, त्यांच्या हाताखालच्या पीयूषनं ढकललं. इतवारी दोघांचं भांडण झालं, माळ्यानं ऐकलं. मंगळवारी त्याचा रिमांड संपते. मग जेल. तुमचं काही असन तर तोवर सांगा."

"मला त्याच्याशी बोलू द्या."

पीयूष तीस वर्षांचा होता. खैरागडला कला शिकून तो नरहरींकडे आला होता. कोठडीत तो भिंतीला पाठ न लावता बसला होता.

"भांडण कायचं झालं?"

"ज्वाळेच्या रंगाचं. रोजच होत होतं, ताई. दुसऱ्या दिवशी दादा चाय पाजत."

"त्यांनी तुले पहिल्या दिवशी काय शिकवलं?"

"चौक नाही पडला पाहिजे. चार कोपरे एका जागी आले की नजर तिथंच अडते. चौक पडला की दादा पट्टी मारत. हाथ पे."

"शेवटची पट्टी कधी खाल्ली?"

"तीन साल झाले."

"निळा पदर कोणी लावला?"

"दादांनी. उसको कोई छूता नहीं था."

"आणि कमलेश? तोही तिथंच कामाला आहे ना?"

"कमलेशभैया फक्त कापत. लावू नाही देत दादा त्याइले. मिस्तरी म्हणत."

बाहेर शेषरावांनी विचारलं, "मिळालं काही?"

"अजून नाही," सिंधुताई म्हणाल्या.

नेहरू नगरच्या घरी त्यांनी आंघोळीसाठी पाणी काढलं. समोरच्या भिंतीवर पांढऱ्या टाइल्स होत्या, ओळंब्यात, एका रेषेत. प्रत्येक चार टाइल्सचे कोपरे एका बिंदूत मिळत होते. दिवाळीआधी कमलेशनं लावल्या होत्या. कमलेश त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून याच घरात वाढला.

पाणी गार झालं तरी त्या तशाच उभ्या होत्या.

शनिवारी शेषरावांचा फोन आला. रविवारी आला. सोमवारी आला. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "अजून नाही."

मंगळवारी सकाळी त्यांनी कमलेशला बोलावलं.

"मावशी, तोंड कावून उतरलं तुझं? सायन्सवाल्याइले झोप लागत नाही का?"

"बस. चहा घे. नरहरी गेले त्या इतवारी कुठं होता?"

"दुर्गला. सासरी."

"किती वाजेपर्यंत?"

"जेवून आलो ना रात्री."

"मोना म्हणते, तू संध्याकाळीच निघाला."

कमलेशनं कप खाली ठेवला. "तू माह्या बायकोले विचारून राहिली?"

"नरहरींच्या भिंतीवर तू कधी तुकडा लावला?"

"एक बी नाही. लावू देत होते का ते?"

"मग निळ्या पदरात तुझा हात कसा आला?"

तो हसला. हसणं मध्येच थांबलं.

"नरहरी वरून पडलेच नाहीत," सिंधुताई सावकाश म्हणाल्या. "ढीग लाल होता, जखमेतली कपची निळी. त्यांचं डोकं जमिनीवरून पाच फुटांवर आपटलं. निळे तुकडे फुटले, पांढऱ्या सिमेंटात रक्त मुरलं. ते धुऊन निघत नाही, हे तुले ठाऊक आहे. म्हणून तेवढा पट्टा खरवडून तू नवे तुकडे लावले. पीयूषनं लावले असते तर एकही चौक पडला नसता. तिथं अकरा आहेत, माझ्या बाथरूमसारखे. तुले सरळच लावता येतं."

त्यानं कप टेबलाच्या कडेशी सरकवला.

"पाटी बनून आली होती," तो म्हणाला. "नरहरी आणि पीयूष. दोनच नावं. तीन साल मी कापलं, मावशी. बोटं बघ माही. म्हटलं, माहं बी टाका. तर म्हणे, तू मिस्तरी आहे, तुह्या हातून चौकच पडते. एकच धक्का मारला मी."

"धक्क्यानंतर काय केलं?"

"घाबरलो."

"जुनं खरवडायला, सिमेंट कालवायला, तुकडे लावायला तास लागतो. सेक्टर नऊचा दवाखाना दहा मिनिटांवर आहे." त्या थांबल्या. "तुझ्यामागं ते श्वास घेत होते का?"

कमलेशनं मान खाली घातली.

"ऐकू येत होतं?"

"घरघर होत होती," तो हळूच म्हणाला. "मले वाटलं, थांबन." मग त्यानं सिंधुताईंचा हात धरला. "माय गेली तेव्हा तू म्हटलं होतं, मी आहे तुले. म्हटलं होतं ना? पीयूष सुटून जाईन. वकील करू आपण त्याले. तू फक्त बोलू नको."

फोन वाजला. शेषराव.

सिंधुताईंनी हात सोडवला नाही. दुसऱ्या हातानं फोन उचलला.

"ताई, पीयूषले कोर्टात नेऊन राहिलो. विचारायचं म्हणून विचारतो. आहे काही?"

"आहे," त्या म्हणाल्या. "गाडी थांबवा आणि लिहून घ्या. कमलेश वासनिक. माझ्या बहिणीचा मुलगा. इथं माझ्यासमोर बसला आहे."