पाचवं नाव

काळ्या पावाचा शेवटचा तुकडा दोघांनी एकदमच धरला, आणि सोडायला दोघंही तयार नव्हते.

शुक्रवार होता. मिलवॉकीत शुक्रवारी तळलेला मासा खाल्ला नाही तर आठवडा पुरा झाल्यासारखा वाटत नाही, मग बाहेर बर्फाचं वादळ का असेना. स्टेडियमच्या तळघरात पत्रकारांचं जेवण असे, तिथंही मासाच. बर्नाडेट जँकोव्स्की ओव्हरकोटावरचा बर्फ न झटकताच रांगेत घुसली होती. समोरचा माणूस उंच, कानामागे पेन्सिल खोचलेला. त्याचा आवाज मात्र तिनं लगेच ओळखला. सगळं शहर ओळखायचं. एमेट लुडविग रेडिओवर मिलवॉकीच्या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांचं वर्णन करायचा.

"तुम्हीच ना त्या," तो म्हणाला, "यंदा पहिल्यांदाच मताचा हक्क मिळालेल्या?"

"तुम्हीच ना ते," ती म्हणाली, "मत नसलेले?"

तो हसला, आणि पाव मोडून अर्धा तिच्या ताटात ठेवला.

बोलणं खरंच होतं. मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू कोण, ते शंभर पत्रकार ठरवतात. प्रत्येकानं पाच नावं क्रमानं द्यायची; पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला सात, असं करत पाचव्याला एक. निकालानंतर कुणी कुणाला मत दिलं तेही जगजाहीर होतं. संघाच्या पगारावर असलेल्याला मात्र मत नाही, आणि एमेटचा पगार संघाचा होता. तरीही दरवर्षी तो आपली पाच नावं कागदावर लिहून खिशात ठेवायचा. उगीच.

"पहिली चार नावं सगळ्यांचीच असतात," त्या दिवशी तो म्हणाला होता. "माणूस कळतो तो पाचव्या नावावरून. तुमचं कोण?"

"सांगायला मी काय वेडी आहे?"

मग हिवाळाभर दर शुक्रवारी पाव अर्धा-अर्धा होत राहिला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणालाच आठवत नाही. तो बोलताना पेन्सिल फिरवायचा... आणि ती त्याच्या बोटांकडे बघते हे त्याच्या लक्षात आलं की मुद्दाम जास्त फिरवायचा. बर्नाडेटला प्रेम वगैरे लिहिता येत नसे, ती आकडे लिहिणारी बाई. पण घरी एकटी असली की ती दुसऱ्या गावी चाललेला सामनाही टीव्हीचा आवाज बंद करून, रेडिओ लावून बघू लागली होती.

अडचण होती क्वेंटिन हॉब्जची. हॉब्ज मिलवॉकीचा लाडका, यंदा तुफान खेळलेला. पण सॅक्रामेंटोचा टोबायस लिंडही तितकाच तुफान, आणि बर्नाडेटच्या मते तिळभर जास्तच. मार्चमधल्या एका शुक्रवारी एमेटनं सहज विचारलं, "हॉब्जच ना?"

तिनं काटा खाली ठेवला. "त्याला दिलं तर लोक म्हणतील, तुझ्या डोळ्यांना दिलं. नाही दिलं तर... तू काय म्हणशील?"

दिवसाला हजारो शब्द बोलणारा माणूस गप्प बसला, आणि ते गप्प बसणं तिला फार लागलं.

"निकाल लागेपर्यंत आपण एका टेबलावर नको," ती म्हणाली.

त्यानं ऐकलं. मत पाठवायच्या शेवटच्या दिवशी फक्त एक बंद लिफाफा तिच्या खुर्चीवर ठेवून गेला. वर लिहिलं होतं: निकालानंतर उघड. तिनं त्याच दुपारी लिंडचं नाव पहिलं लिहिलं आणि हॉब्जचं दुसरं.

मे महिन्यात निकाल लागला. हॉब्ज चार गुणांनी हरला.

हिशेब शहरातल्या पोरासोरांनाही जमला. तिनं दोन नावांची नुसती अदलाबदल केली असती तर सहा गुणांचा फरक पडून हॉब्ज जिंकला असता. पेट्रोलपंपावरच्या माणसानं तिला ओळखून तोंड फिरवलं. आईनंसुद्धा फोनवर विचारलं, अगं, आपल्याच पोराला नाही दिलंस? लिंडला दिलं याचं तिला एकदाही वाईट वाटलं नाही. वाईट वाटत होतं ते एमेट दुरावेल याचं, आणि लिफाफा उघडायचा धीर त्यामुळेच होत नव्हता.

शुक्रवारी ती तळघरात गेली. तिला पाहून टेबलांवरच्या माना ताटांकडे वळल्या. एमेटची खुर्ची रिकामी होती. संपलं, तिला वाटलं. मासा तसाच गार होत राहिला.

मग तिच्या ताटात काळ्या पावाचा अर्धा तुकडा पडला. एमेट समोर बसला, सगळ्यांदेखत.

"उघडला नाहीस?"

तिनं नकारार्थी मान हलवली. लिफाफा पर्समध्येच होता, कोपरे मळलेला.

"उघड आता."

आत पेन्सिलीनं लिहिलेली पाच नावं होती. पहिलं हॉब्ज. दुसरं लिंड. तिसऱ्या-चौथ्याचा क्रमही तिच्याहून वेगळा. आणि पाचवं — ओटिस पेल्टन.

बर्नाडेटनं कागद दोनदा वाचला. शार्लटचा पेल्टन, छत्तीस वर्षांचा, हरणाऱ्या संघातला. स्वतः क्वचित बास्केट करायचा. पण त्याच्या पासवर दुसऱ्यांचे आकडे वाढायचे. निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे एकच गुण होता. शंभर जणांत तो फक्त तिनं दिला होता.

"मला वाटलं, हा माणूस मला एकटीलाच दिसतो," ती म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं. यादीत तो एक गुण पाहिला, आणि... बर्नी, मार्चमध्ये मी जे बोललो नाही ते आता बोलू का? तू मला हवी आहेस. पहिल्या नावाबाबत मात्र तू साफ चुकलीस."

"हे आयुष्यभर ऐकवणार आहेस का?"

"तू ऐकायला असशील तर हो."

तिनं डोळे पुसले, त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि त्याच्या कागदावर हॉब्जचं नाव खोडून लिंडचं वर लिहिलं. त्यानं ते पुन्हा खोडलं. सामन्याआधीची पहिली घंटा झाली तरी दोघं तिथंच भांडत बसले होते.