लम्याईमावशीला ऐकू न आलेला आवाज

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. त्या संध्याकाळी तिथे शे-दीडशे माणसं होती. त्यातली कितीतरी आजही हयात आहेत.

फक्त बोलत नाहीत.

ही हकिकत माझ्या सख्ख्या मावशीची, लम्याईमावशीची. साल १९८३. लोय क्रथोंगच्या सणाचे दिवे नदीत सोडून आठवडा झाला असेल. गाव तफान हिन. नान नदीच्या काठचं चिनी देऊळ.

मावशी आणि तिचा नवरा सवेंगकाका सिनेमाला आवाज द्यायचे. तेव्हा आमच्याकडे परदेशी सिनेमे मुके करूनच गावोगाव दाखवत. प्रोजेक्टरशेजारी टेबल, त्यावर दोन माईक. बायका-पोरांचे आवाज मावशीचे. बाकी सगळे काकाचे.

आणि काकाचा जीव कशावर, तर हाँगकाँगहून येणाऱ्या भिकार कुंगफू सिनेमांवर! जितका भिकार, तितका लाडका.

एक सिनेमा तर त्याला पाठच होता. त्यातल्या थोट्या साधूचा दुसरा हात कफनीतून सरळ दिसायचा. जुन्या काळच्या गुरुजींच्या मनगटावर चक्क घड्याळ. मारामारीत त्यांची दाढी निसटायची आणि ते तसेच लढत राहायचे. एक ढोल्या गुंड तीनदा मरायचा. दरवेळी नवा सदरा घालून.

काका त्याच्या तोंडी घालायचा, "अहो, मघाशीच मेलो की मी! जरा चहा तरी पिऊ द्या!"

लोक हसून लोळायचे.

"बघ, किती जीव तोडून वाईट काम करतात बिचारे," काका मावशीला म्हणायचा. "यांना हसायचं, पण माया करून हसायचं."

त्या पावसाळ्यात काका गेला. घशाचा आजार. आधी आवाज गेला, मग माणूस. शेवटच्या दिवशी मावशीचा हात धरून तो काहीतरी सांगत होता... नुसतेच ओठ हलत होते.

पडद्यावरचे ओठ बघून बोलायचं, हा मावशीचा धंदा. पण नवऱ्याचे ओठ तिला वाचता आले नाहीत.

आणि मग देवळातून बोलावणं आलं. कुणाचा तरी नवस फेडायचा होता. देवाला सिनेमा दाखवायचा, आणि नेमका तोच.

"ताई, सवेंगदादांच्या जागी दुसरं कुणी आणू का?" प्रोजेक्टर चालवणाऱ्या चुअपने विचारलं.

"नको. मी एकटी करीन."

दिवस मावळला तसा खेळ सुरू झाला. पुढची खुर्च्यांची रांग देवांसाठी रिकामी. मागे चटयांवर गाव. सगळ्यांच्या पाठीमागे चुअप आणि मावशी.

मावशीने सगळे आवाज काढले. साधूचा, गुंडांचा, गुरुजींचा. फक्त काकाचे विनोद तिच्याने बोलवेनात. त्या जागा ती तशाच सोडत होती.

ढोल्या पहिल्यांदा मेला. मावशी गप्प राहिली.

आणि... लोक हसले.

चित्रच तसं आहे, तिला वाटलं.

मग गुरुजींची दाढी निसटली. मावशी गप्प. पण हशा असा फुटला की देवळातली कबुतरं उडाली.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. चित्र बघून माणूस लगेच हसतो. ही माणसं हसण्याआधी थांबत होती.

ऐकत होती... मग हसत होती.

तिने काकाच्या माईककडे पाहिलं. चुअपने तो जोडलाच नव्हता. वायर गुंडाळून बाजूला पडली होती.

रीळ बदलताना सुका माकूल भाजून विकणारी सुदा जवळ आली. डोळे पुसत होती, हसून हसून.

"काय गं बाई! आम्हाला वाटलं तू आज रडवणार. नवऱ्याची टेप लावलीस होय?"

"कसली टेप?"

"चल, आता साळसूद बनू नकोस! ती दाढी पडली तेव्हा नाही का म्हणाला... 'लम्याई, डिंक पातळ झाला गं, भाताची खळ आणायला सांगितली होती ना!'"

मावशीने पुन्हा त्या गुंडाळलेल्या वायरकडे पाहिलं.

काका हे कधीच बोलला नव्हता. एकाही खेळात नाही.

हा विनोद नवा होता.

खेळ पुन्हा सुरू झाला. मावशीने स्वतःचा माईक बंद केला. वाटलं, लोक ओरडतील.

कुणी ओरडलं नाही. सगळे मजेत बघत होते.

ती उठली. बांबूला बांधलेल्या कर्ण्याखाली जाऊन उभी राहिली. कान लावला.

नुसती घरघर.

समोर माणसं पोट धरून हसत होती. म्हातारे हसत होते, बाया हसत होत्या. सगळ्यांना ऐकू येत होता तो. एका तिला सोडून.

"मला पण ऐकू दे ना रे," ती पुटपुटली.

शेवटची मारामारी आली. खलनायक कोसळला. त्याचं मरण काका नेहमी खूप लांबवायचा. एकामागोमाग एक थापा. लोक हसत होते, हसत होते...

आणि हशा मध्येच तुटला.

एकदम.

पडद्यावर खलनायकाचे ओठ हलत होते. अंगणात चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. एक पोर रडायला लागलं. एका म्हाताऱ्याने हात जोडले.

मग एकेक मान वळली...

सगळे मावशीकडे बघत होते.

"काय म्हणाला?" तिने विचारलं. "अहो, सांगा ना कुणीतरी! काय म्हणाला तो?"

लोकांनी चटया गुंडाळल्या आणि चालायला लागले. सुदा शेगडीतले जळते निखारे तसेच टाकून निघाली. मावशीने तिचा दंड धरला, तर तिने झटकन सोडवून घेतला.

"चुअप, तू तरी सांग!"

"काही नाही ताई. यंत्रात बिघाड होता." त्याच्या हातातून रीळ निसटून घरंगळत गेलं. ते उचलायलाही तो वाकला नाही. त्यानंतर त्याने हा धंदाच सोडला.

मावशी पुन्हापुन्हा त्या गावी जात राहिली. तिला बघून दारं लागायची.

गेल्या वर्षी चुअप मला बाजारात भेटला. फार थकलाय. चहाच्या टपरीवर बसवून मी त्याला विचारलंच. "मला सांगा, चुअपकाका. मावशीला नाही कळू देणार."

त्याने चहाचा पेला हातात घेतला.

"पोरी, ती अजून त्याच घरात राहते?"

"हो."

"एकटीच?"

"हो... एकटीच."

त्याने पेला खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता.

"मग त्याची हाक तिला अजून ऐकू आलेली नाही," तो म्हणाला, आणि उठून गेला.

तेव्हापासून मी रोज मावशीला फोन करते. घंटा वाजत राहते... आणि ती उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.