त्यांना बाहेर थांबायला सांगा

आधीच सांगते, तिखटमीठ अजिबात लावलेलं नाही. मी यंदा शाळेत वक्तृत्वात पहिली आलेय, मनात आणलं तर तासभर रंगवून सांगेन. पण हे जसं घडलं तसंच.

मार्चमधला मंगळवार. भर दुपारी तीन वाजता. मावशीचं दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला.

काका जाऊन आठ महिने झाले होते. विमा कंपनीने दावा नाकारला. काकांनी म्हणे हृदयाचा आजार फॉर्ममध्ये लपवला! मावशीने विमा लोकपालांकडे तक्रार केली. लोकपाल म्हणजे कंपनी आणि आपल्यातला वाद सोडवणारे साहेब. तिथे वकील चालत नाही. आपलं आपणच बोलायचं.

"पैशांचं सोड गं," मावशी म्हणायची, "माझ्या माणसाला खोटारडा ठरवलं."

सुनावणी व्हिडिओ कॉलवर होती. मावशीला त्यातलं काही कळत नाही, म्हणून फोन धरायला मी.

"घाबरतेस काय? मी आहे ना!" केवढा माझा तोरा!

कंपनीच्या बाईंनी विचारलं, "आजाराचं त्यांनी एजंटला सांगितलं होतं, याला पुरावा काय?"

मावशी नुसती माझ्याकडे बघायला लागली.

संपलं, मला वाटलं.

मग तिने मान जराशी मागे कलती केली... काहीतरी ऐकल्यासारखी.

"एजंटने औषधांच्या चिठ्ठीचा फोटो काढला होता. मोबाइलवर. फॉर्म त्यानेच भरला. घाईघाईत सगळीकडे 'नाही' लिहिलं."

मी बघतच राहिले. हे ती कधीच बोलली नव्हती!

"कधी काढला फोटो?" बाईंनी लगेच विचारलं.

पुन्हा मान मागे...

"चार जूनला."

लोकपाल साहेबांनी चष्मा काढला.

"ताई, मुलगी फोन धरून बसलीय, त्याला हरकत नाही. पण मागचे गृहस्थ तुम्हाला उत्तरं सांगतायत, ते चालणार नाही. त्यांना बाहेर थांबायला सांगा."

मी मागे पाहिलं.

भिंत. रिकामी खुर्ची.

बस.

मावशीने वळून पाहिलंच नाही. हळूच म्हणाली, "अहो... जरा बाहेर थांबता का?"

खुर्ची करकरली.

कडी निघाली... दार उघडलं... आणि पुन्हा लागलं.

पुढच्या प्रत्येक प्रश्नाला मावशीचं एकच उत्तर. "मला नाही माहीत."

एजंटच्या जुन्या फोनमध्ये तो फोटो सापडला. तारीख चार जून. निकालात स्पष्ट लिहिलं होतं, विमाधारकाने काहीही लपवलेलं नाही.

"मावशी, जिंकलो आपण! हस की जरा!"

ती त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली.

"त्यांना आत या म्हणायचं राहूनच गेलं गं."

आता ती रोज दार उघडून हाक मारते. कोणी येत नाही.

परवा मी गेले, तर तिने दारातच विचारलं, "जिन्यात कोणी दिसलं का गं?"

"छे! कोणीसुद्धा नाही."

खरंच, दिसलं नव्हतं कोणी.

पण दुसऱ्या मजल्यावर मी आपोआप कडेला सरकले होते... कोणाला तरी वाट दिल्यासारखी.

पावलं वाजली. सावकाश.

खाली उतरणारी...

मावशीला मी हे अजून सांगितलेलं नाही.