दिवेलागणीची हाक

तुम्ही कपडे बदलून, पिशवी भरून बसला आहात. डॉक्टर नको म्हणतात तरी आज घरी जाणार म्हणता. जा बापा, अडवणारा मी कोण? शेजारच्या खाटेवरचा म्हातारा. पण तुम्हाला न्यायला येणारा माणूस अजून आलेला नाही. तोवर माझं ऐका. मी हळू बोलतो, दम लागतो.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. रस्त्यांवर लाल दिव्याच्या गाड्या धावायला लागल्या होत्या आणि इकडे तेलीबांध्याच्या तलावाकडे हा दवाखाना नवा उभा राहिला होता. भिंतींचा रंग अजून वाळायचा होता. माझ्या मंडळीच्या छातीत पाणी झालं म्हणून तिला इथे भरती केलं. ही भिंत आहे ना, हिच्या पलीकडे बायांचा वॉर्ड. बरगड्यांमधून रबराची नळी घातली होती, तिचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत. डॉक्टर मला स्वच्छ म्हणाले होते, नळी निघेपर्यंत हलवायचं नाही. हलवलंत तर ती वाचणार नाही.

ती मात्र एकच धोशा लावून होती.

"अवो, मले घरी घेऊन चला ना."

"डॉक्टर नाही म्हणून राहिला."

"मंग डॉक्टरसंगच लगन लावलं असतं बापानं."

हसली की तिला खोकला यायचा आणि बाटलीत बुडबुडे उठायचे.

तिला दुसरी काळजी घराची. आमचं घर बूढापाऱ्यात, पारा म्हणजे इकडे वस्ती, तिथल्या तलावाच्या मागच्या गल्लीत. लग्न होऊन आली तेव्हापासून दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा नाही असं कधी झालं नव्हतं. म्हणून रोज दिवस कलला की ती मला पिटाळायची. मी सायकलने घरी जायचो, दिवा लावायचो, दाराला कुलूप घालून परत यायचो. मी वॉर्डात नसायचो तो तेवढाच वेळ.

आणखी एक सांगतो. आमच्यात नवराबायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. मी तिला क्षमाची माय म्हणायचो. क्षमा व्हायच्या आधी नुसतं 'ऐकलं का'. एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ती म्हणाली, "इथली सिस्टर मले कुसुम म्हणते. चांगलं वाटते ऐकायले. माय गेल्यावर कोणी म्हणतच नव्हतं."

"मंग?"

"मंग काही नाही. तुमी कधी म्हटलं नाही."

"आता म्हातारपणी नाव घेऊ काय तुयं? पोट्टे हसतील पाऱ्यातले."

तिने तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं, झोप आली असेल.

त्या वॉर्डातून बाया निघून जायच्या. डॉक्टरला न विचारता, औषध अर्धं टाकून. सोनिया सिस्टर कपाळाला हात लावून म्हणायची, "एक और लामा हो गई." मला आधी वाटलं, हिवाळ्यात स्वेटर विकायला येतात ते लामा. मग कळलं, सांगितलेलं न ऐकता निघून गेलेल्या पेशंटला दवाखान्यात तसं म्हणतात. लोक काय काय कारणं सांगायचे. कोणी म्हणे, पैसा संपला असेल. कोणी म्हणे, घरच्या खाटेवर मरायचं असेल. मीही मान हलवायचो.

समोरच्या खाटेवर गोदू नावाची बाई होती. तिचा नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. एका संध्याकाळी मी दिवा लावून परत आलो तर तिची खाट रिकामी. नवरा येऊन घेऊन गेला म्हणे. वॉर्डात फिनाइलचा वास रोजचाच, पण त्यात त्या दिवशी दुसरा एक वास होता. दिव्याची वात विझवल्यावर धूर निघतो ना, तसा. मी सगळीकडे पाहिलं. दिवा कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा डबा घेऊन आला. कारखान्यातून सरळ आलेला, पापण्यांवरसुद्धा काळी धूळ.

"मोर गोसाइन कहाँ हे?" त्याने विचारलं. माझी बायको कुठे आहे.

सिस्टर चिडली. "कल आप ही तो ले गए!"

"मैं? मैं तो कल प्लांट में था, दीदी..."

तो डबा मांडीवर घेऊन तसाच फरशीवर बसला. मला वाटलं, प्यायला असेल. माणूस दुसऱ्याबद्दल असंच समजतो.

मग आमचा दिवस आला. त्या संध्याकाळी तिने मला घरी जायला सांगितलंच नाही. आपणहून उठलो तेव्हा म्हणाली, "जाता का? जा." मी घरी गेलो. वारा नव्हता, तुळशीचं पान हलत नव्हतं, पण वात पेटेना. पेटली की विझायची. शेवटी कशीबशी धरली. कुलूप लावून, ओढून पाहून निघालो.

वॉर्डात शिरलो तर तिची खाट रिकामी. रबराची नळी काढून, छान वेटोळं करून उशीवर ठेवलेली. आणि तो वास.

सोनिया सिस्टर म्हणाली, "अब क्या लेने आए, काका? कुछ छूट गया?"

"ही कुठी गेली?"

"मज़ाक मत करो. अभी तो ले गए आप. कितना मना किया मैंने. आप दरवाज़े से ही बोले, कुसुम, चाल घरी. और वो उठके बैठ गई, जैसे कभी बीमार ही नहीं थी... शरमा रही थीं, काका. नई दुल्हन जैसी."

अंगावर काटा नंतर आला. आधी राग आला. कोण होता तो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. ही उठली कशी? जन्मात मी तिला नावाने हाक मारली नाही, हे हिला ठाऊक नव्हतं का?

सायकल कशी हाणली ते आठवत नाही. गल्लीत पोचलो तेव्हा आकाशात थोडी लाली उरली होती. दाराला कुलूप तसंच लटकत होतं, किल्ली माझ्या करगोट्याला. आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता.

ती हसत होती. खोकला नाही, काही नाही. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरं कोणीतरी खाकरलं, सावकाश, दोनदा, बोलायच्या आधी मी खाकरतो तसं. मग तो बोलला. आवाज माझा होता.

मी कुलूप काढलं, दार लोटलं. दाराला आतून कडी होती.

"क्षमाची माय! दार उघड, मी आहो!"

आतलं बोलणं थांबलं. मग तोच आवाज, अगदी हळू, "उघडू नको, कुसुम. दवाखान्यातून कोणी न्यायले आलं असन तुले..."

तिची पावलं दारापर्यंत आली. फटीतून मला तिच्या लुगड्याचा काठ दिसला.

"अवं, मी आहो... आवाज वळखत नाहीस काय माया?"

"वळखते," ती म्हणाली.

"मंग उघड ना."

कडी हलली नाही. गल्लीत शेजारचा धर्मपाल बाहेर आला होता, त्याची सून आली होती, सगळे बघत होते. मला लाज वाटत होती. तरी मी दाराला तोंड लावून म्हणालो, "कुसुम... कुसुम, दार उघड."

दाराच्या फटीतून तिचा श्वास मला जाणवला.

"त्यानं पहिले म्हटलं," ती म्हणाली. आणि पावलं मागे गेली.

धर्मपालने पहार आणून दार तोडलं. आत अंधार. ती खाटेवर निजलेली, केस विंचरून अंबाडा घातलेला, कुंकू ताजं. अंग थंडगार, जीव कधीचा गेलेला. दुसरं कोणी नव्हतं, मागे दुसरं दारही नाही. खाटेपाशी दोन कप होते, दोन्ही प्यालेले, दोन्ही अजून कोमट. बाहेर अंगणात तुळशीपाशी मी लावलेला दिवा विझला होता आणि वातीतून धुराची रेघ सरळ वर जात होती.

दवाखान्यात आजही म्हणतात, म्हाताऱ्याने स्वतःच बायकोला नेलं आणि मारलं. सोनिया सिस्टरने डोळ्यांनी पाहिलं आहे, तिचं तरी काय चुकलं? मला त्याचं दुःख नाही. मला एवढंच खुपतं की माझ्या कुसुमला फसवलं कोणी नाही. तिने दोन्ही आवाज ऐकले. माझा कोणता, तिला कळलं होतं.

आता माझ्याही छातीत पाणी झालं आहे. क्षमाने आणून भरती केलं. ती बिचारी इथून हलत नाही, मीच तिला दिवा लावायला जाऊ देत नाही. आज तेवढी औषध आणायला खाली गेली आहे.

काल ह्याच वेळेला त्या दारात कोणीतरी उभं राहिलं. अंगावर कुसुमची हिरवी शाल. म्हणालं, "रामकृष्ण, चाला घरी." माझ्या बायकोने माझं नाव लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, मग कधी नाही. म्हणजे ती ती नव्हती. मला माहीत आहे. पण कुसुमलाही माहीत होतंच ना?

तुम्ही जा. फक्त न्यायला जो येईल, तो तुमच्या माणसाने कधी केलं नाही असं काही करतो का, तेवढं बघा. आणि जायच्या आधी माझं एक काम करा, मला वाकता येत नाही. खाटेखाली माझ्या चपला आहेत. सकाळी क्षमाकडून भिंतीकडे तोंड करून ठेवून घेतल्या होत्या, दिवसभर खाली उतरलो नाही. तुम्हालाही आला ना आत्ता तो वास?... बघा बरं, चपलांचं तोंड अजून भिंतीकडेच आहे, की दाराकडे?