लागला का मुरूम?

कंदील जरा बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. आणि ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच उठावं. सरावलीचा काळू गवंडी माझा मैतर. त्यानं स्वतः मला सांगितलेलं आहे हे.

त्याच्या धाकट्या भावानं, चंदरनं, तलासरीकडे काळ्या मातीत विटांचं घर बांधायला काढलं. ती माती पावसात फुगते, उन्हात आकसते. आपला कारवी-शेणाचा कूड तिच्याबरोबर हलतो, विटांची भिंत तडकते. म्हणून विटांच्या घराचा पाया खालचा कडक मुरूम लागेपर्यंत खणायचा. पहार ठण्णकन वाजली की नारळ फोडायचा.

पाया काळूच खणत होता. वर चंदर आणि त्याची नवी बायको चंद्रावती. काळूला तीच करायची होती, पण तिनं धाकटा पसंत केला. नुसता जळत होता बघा. मुरूम अजून खोल होता. छातीभर खड्ड्यात त्यानं मातीत एक धोंडा दडवला आणि त्यावर पहार हाणली. ठण्ण!

"लागला का मुरूम, दादा?"

"लागला. फोड नारळ."

पहिल्या पावसात भिंती उचलल्या, उन्हाळ्यात चिरल्या. दुसऱ्या पावसात मागची भिंत झोपलेल्या चंदरवर पडली.

एकसष्टच्या वैशाखात चंद्रावतीचा निरोप आला, "भाऊजी, पाऊस यायच्या आत उरलेल्या भेगा बुजवून द्या." हा अमावास्येला चुना घेऊन निघाला. मनात काय, तर आता तरी ही आपल्याकडे बघेल. तिनं भाकरी वाढली आणि चंदरचंच सांगत बसली. मेलेल्या भावाचाही हेवा वाटला, म्हणाला मला. मग ती चंदरच्या लेकराला घेऊन आत निजली. हा ओट्यावर.

बारा वाजून गेले असतील. जमिनीखाली आवाज झाला.

धप्प.

पहार मऊ मातीत बसल्याचा. गवंडीच तो, ओळखणार नाही?

धप्प... धप्प...

घूस असेल, म्हणाला. पण घूस मध्येच थांबून दम खात नाही.

भिंतीच्या भेगेला कान लावला.

"लागला का मुरूम, दादा?"

यानं घोंगडी डोक्यावर ओढली.

धप्प. आणखी खाली. आणखी...

पहाटे एकदाच... ठण्ण.

मग काही नाही. कोंबडं आरवल्यावर यानं डोक्यावरची घोंगडी काढली. चंद्रावती दारात उभी होती. ती याच्याकडे बघतच नव्हती, उशाकडे बघत होती.

उशाशी ओंजळभर तांबडा मुरूम होता. वैशाखात गावातल्या विहिरी आटलेल्या, आणि तो मुरूम ओला होता.