पोटुशा बाईनं येऊ नये

आधीच सांगतो. घरात कोणी दोन जिवाची बाई असेल, तर तिला हे वाचून दाखवू नका.

अशी सूचना दिली की माणूस हटकून वाचतो, हे मला माहीत आहे. आमच्या घराचा घात याच खोडीनं केला. तरीही देतो. न देता पुढं गेलो तर मला झोप लागायची नाही.

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना टिंगल करायची त्यांनी खुशाल करा. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, टिंगल करणारे पुष्कळ पाहिले.

माझं नाव कडूबा. गाव डोणगाव, तालुका मेहकर. साल त्रेसष्ट, संक्रांत नुकतीच झालेली. तेव्हा मी आईच्या पोटात होतो. हे सगळं मला आईनं सांगितलं. तिला जे दिसलं नाही, ते शेजारच्या तानुबाईनं सांगितलं. त्या संध्याकाळी तानुबाई आईच्या डाव्या हाताला बसली होती.

उजव्या हाताला कोण बसलं होतं... तीच ही गोष्ट.

आईचा धाकटा भाऊ शेषराव, म्हणजे माझा मामा, तंबूच्या सिनेमात कामाला होता. दिवसा छकड्यावर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरायचं, आणि संध्याकाळी पहिल्या खेळाआधी माइकवर बोलायचं. आवाज असा की बैल थांबायचे. त्या वर्षी तंबूत एक भुताचा पिक्चर होता. विहिरीतून बाई वर येते, एवढंच त्यात होतं. पिक्चर भिकार होता म्हणतात. चालवला तो मामानं.

"मायबाप हो, सूचना ऐका! कच्च्या दिलाच्या मानसानं येऊ नये. एकट्यादुकट्यानं येऊ नये. कोनाचा जीव गेला तं तंबूवाले जबाबदार नाहीत!"

मग काय, ज्यांना यायचं नव्हतं तेही यायचे.

एवढ्यावर भागत नव्हतं. तंबूत बायकांची बाजू कनात लावून वेगळी केलेली असायची. पडद्यावर विहिरीतली बाई वर आली की बायकांत कोणीतरी धप्पकन पडायचं. आरडाओरडा व्हायचा. दोन गडी तिला उचलून कनातीमागं नेऊन ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पाच गावांत बातमी, की पिक्चर पाहून बाई बेशुद्ध पडली.

पडणारी मामाचीच बायको होती. कोकिळा. वय एकोणीस.

रोज पडायची. कोपरं सोललेली, गुडघे काळेनिळे. मग तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात ती मामाला म्हणाली, "आता मी नाही पडत. मले भेव वाटते."

मामा म्हणाला, "जोरात पडाले कोन सांगते तुले? हळू पड. पोटुशी बाई पडली म्हनलं तं अमडापूरपासून गाड्या येतीन."

आणि त्या दिवसापासून त्यानं सूचनेत एक ओळ वाढवली. पोटुशा बाईनं येऊ नये.

साठी उलटली माझी, पण मामाचं हे बोलणं अजून गिळवत नाही मला.

जानेफळच्या मुक्कामात कोकिळामामी पडली. गड्यांनी रोजच्यासारखं उचललं, कनातीमागं ठेवलं. ती कण्हत होती. पिक्चर चालू होता. "कोकिळा आज झकास कन्हून राह्यली," असं मशीनवाला म्हणाला म्हणे. मामानं ऐकलं, आणि चहा पिऊन घेतला.

खेळ सुटला. तंबू रिकामा झाला. ती उठून आली नाही म्हणून मामा कंदील घेऊन गेला, तर खालची सतरंजी सगळी ओली होती. पोटातलंही गेलं होतं, आणि तीही गेली होती.

आता आमच्याकडची रीत ऐका. घरातल्या पोटुशा बाईला मौतीची खबर सांगत नाहीत. बाळंत होऊ द्यायचं, न्हाऊमाखू घालायचं, मग सांगायचं. आईला तेव्हा आठवा लागलेला. माझे वडील किसनराव जानेफळला मातीला जाऊन आले आणि आईला म्हणाले, बैल पाहायला गेलो होतो. अख्ख्या गावाला माहीत होतं. फक्त आईला नव्हतं.

महिन्यानं तोच तंबू डोणगावात लागला. मामाही होता. सुतक फिटलं, पोटापाण्याला लागला.

"तू नको जाऊ पिक्चरले," वडील आईला म्हणाले.

"काऊन?"

"भेवाचा हाय."

"तो तं शेषराव रोजच म्हनते. लोकाईले बलवाचा धंदा हाय त्याचा. मले पिक्चरचं काही नाही. कोकिळाचं तोंड पाहा लागते मले. सहा महिने झाले."

वडिलांनी एक शब्द सांगितला असता तर आई उंबऱ्याबाहेर पडली नसती. पण रीत. वडील गप्प बसले आणि आई तानुबाईला घेऊन निघाली.

माइकवर उभ्या मामानं बहिणीला कनातीत शिरताना पाहिलं, आणि त्याचं अवसान गेलं.

त्याला कारण होतं. जानेफळनंतर पडायला कोणीच ठेवलं नव्हतं. तरी रोज विहिरीची जागा आली की... बायकांच्या बाजूला... धप्प.

गडी धावायचे. कोणी पडलेलं नसायचं.

तंबूचा मालक खूश होता. मामाला मात्र जेवण जात नव्हतं. त्यानं माइक धरला.

"वच्छला अक्का, घरी जाय. हात जोडतो तुले. हे खेळाचं नाही सांगून राह्यलो. पोटुशा बाईनं येऊ नये... खरंच येऊ नये."

त्याचा आवाज फाटला. तंबू हसायला लागला. शिट्ट्या वाजल्या. "शेषरावनं आता बहीनही कामाले लावली बे," कोणीतरी ओरडलं. आईही हसली आणि पदर सारखा करून बसली.

मामा माइकपासून दहा पावलांवर होता. जाऊन हात धरून उठवता आलं असतं तिला. पण मग 'काऊन' म्हणून विचारलं असतं तिनं. तो माइक धरूनच उभा राहिला.

दिवे गेले. पिक्चर सुरू झाला.

थोड्या वेळानं आईच्या उजव्या बाजूला कोणीतरी येऊन टेकलं.

"सरका जराशा, ननदबाई."

आईला केवढा आनंद झाला. "कोकिळा! अवं, कुठं होती तू? किती रोडावली वं!" तिनं हात धरला. "आन् हात किती गार हायत तुहे."

"मागं ओलं असते," ती म्हणाली. "तुमी लुगडं सांभाळा."

दोघी बोलत राहिल्या. कोण आजारी, कोणाचं लग्न जमलं, असंच. रीळ संपलं की दिवे लागायचे, मशीनवाला दुसरं रीळ चढवायचा. दिवे लागले आणि आईनं उजवीकडे पाहिलं...

जागा रिकामी.

बाहेर गेली असेल, असं आईला वाटलं. दिवे गेले. ती पुन्हा शेजारी होती.

असं तीन वेळा झालं.

"कोनाशी बोलून राह्यली वं तू?" तानुबाईनं विचारलं.

"माह्या भावजयीशी. कोकिळाशी."

तानुबाईला माहीत होतं. तिलाही सांगता येईना, पोटुशी बाई समोर. ती नुसती एक हात लांब सरकली आणि डोळे मिटून रामराम म्हणत बसली. मी तिला पुढं विचारलं, आईला ओढून बाहेर का नाही नेलं? म्हणाली, "बाबू, माहे पायच हालले नाहीत."

मग अंधारात एक हात आईच्या पोटावर आला.

"माहं गेलं, ननदबाई."

"काय गेलं?"

हात तिथंच राहिला. लुगड्यातूनही गार लागत होता.

"हे मले देता?"

आमच्याकडे बायका एकमेकींना असं म्हणतातच. जावा, भावजया, शेजारणी. समोरचीनं हसून म्हणायचं, घेऊन जाय माय, तुलेच देलं. त्यात काही नसतं. आई तेच म्हणाली.

"घेऊन जाय. तुलेच देलं."

"खरंच देलं?"

"देलं म्हनलं ना."

"मंग 'माहं' नका म्हनू कधी."

"नाही म्हनत वं," आई हसत म्हणाली.

पडद्यावर विहीर आली. दोर हलायला लागला.

"थांबा," शेजारून आवाज आला. "आता मले पडा लागते."

धप्प.

अख्ख्या तंबूनं ऐकलं. आई खाली वाकली, हातानं चाचपलं. कोणी नव्हतं. सतरंजी मात्र... ओली होती.

खेळ सुटल्यावर आई नीट मामाकडे गेली. "कोकिळा कुठं गेली? पडली ते उठलीच नाही. कशी बाई झाली वं ती. दोन दिवस माह्याकडं पाठव तिले, काहीतरी खाऊ घालतो."

मामा जागच्या जागी धुळीत बसला. आणि मग, सगळं होऊन गेल्यावर, त्यानं सगळं सांगितलं.

आईच्या कळा तिथंच सुरू झाल्या. दिवस उजाडायच्या आत मी जन्मलो.

आईला दूध आलं नाही. थेंबसुद्धा नाही. पण मी रडायचो नाही. दिवेलागणीला पाळणा हलता हलता मधेच थांबायचा... आई जाऊन पाहायची... माझ्या ओठांवर दूध असायचं.

बारशाला माझं नाव कडूबा ठेवलं. कडू म्हटलं की वाईटाची नजर वळत नाही, म्हणून. तिथं जमलेल्या बायकांना आई बोलून गेली, "माह्या लेकराले कडू म्हना." बोलली आणि उभ्या जागी पडली. डावा हात मोडला.

त्यानंतर ती कधी म्हणाली नाही. कोणी विचारलं, पोरगं कोणाचं? तर म्हणायची, "भावजयीचं."

मला हे माहीत नव्हतं. मी लहानपणभर तिचा राग केला. एकदा भाकरीवरून उठून विचारलं, मी तुहा नाही का? ती ताट तसंच ठेवून गुरांच्या वाड्यात निघून गेली. मला वाटलं, हिला माझी किंमत नाही. असं मी आईला जोखलं. त्याची लाज अजून वाटते.

मामाला काही झालं नाही. ऐंशी वर्षं जगला. दोन्ही वेळ पोटभर जेवला आणि झोपेत गेला. हेच मला सहन होत नाही.

सोळाव्या वर्षी मी दहावी पास झालो. आमच्या घरातला पहिलाच. निकाल घेऊन संध्याकाळी घरी आलो, तेव्हा आई ओसरीवर वाती वळत होती. तिनं मला समोर बसवलं आणि तुम्ही आत्तापर्यंत वाचलं ते सगळं सांगितलं. शांतपणे, वाती वळत.

"तुले ठाऊक असू दे," ती म्हणाली. "आन् आता मी पडली तं भेऊ नको."

मला समजेपर्यंत तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं.

"माहा कडू," ती म्हणाली. "माहा लेक पास झाला. माहा."

धप्प.

तानुबाई धावत आली तेव्हा आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि ती गेली होती. हातात वात होती, न पेटलेली.

माझ्या बायकोला मी लग्नाआधीच सगळं सांगितलं, मला कधी 'माझा' म्हणायचं नाही म्हणून. तिनं जन्मभर 'अहो'वर भागवलं. मुलांनाही सांगितलं. त्यांनी पाळलं.

नातू चार वर्षांचा आहे. त्याला काय सांगणार? मी सांगायचं टाळत आलो, माझ्या वडिलांसारखंच. आज दुपारी शेजारचं पोरगं माझ्या मांडीवर बसायला लागलं, तर यानं त्याला ढकललं, माझ्या गळ्याला मिठी मारली आणि ओरडला, "हे माझे आबा आहेत!"

मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता.

आता दिवेलागण झाली. तो ओसरीवर चेंडू खेळतो आहे. मी दारातच बसून हे लिहितो आहे, दर ओळीनंतर त्याच्याकडे बघत. मघाशी पायाला गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर ओसरीची फरशी... एका जागी ओली आहे.

तो उभा आहे. अजून तरी.