४४१७ नंबरचा कागद

लिहू की नको, लिहू की नको करत आठ दिवस घालवले. आता लिहितोय, पण ‘मी’ म्हणायची छाती होत नाही. म्हणून ‘तो’. तेवढंच अंतर.

तर तो. ऑफिसात त्याला सगळे टाचणी म्हणायचे, अंगानं होताच तसा. सरकारी ऑफिस, तिसरा मजला, खिडकी एकच आणि तीही समोरच्या भिंतीकडे बघणारी. शाळेतल्या मुलांवर कुणाला संशोधन करायचं असलं, की मुलांनी लिहिलेली उत्तरं आधी इथं यायची. घर, आजार, ओळख पटेल असं काहीही दिसलं, की टाचणी त्यावर काळी शाई फिरवायचा. कागदावर नाव नसायचं, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ती यादी समोरच्या टेबलावरच्या कारकुनाच्या कपाटात; त्याला सगळे मास्तर म्हणायचे. एकानं उत्तरं बघायची, दुसऱ्यानं नावं. दोन्ही एकाच्या हाती कधीच नाहीत.

सोमवारी गठ्ठा आला. दोन वर्षांपूर्वी पाचवीच्या मुलांनी भरलेला. ओल्या स्पंजवर अंगठा टेकवून टाचणी पानं उलटत होता. शेवटचा प्रश्न : तुला कुणाची भीती वाटते? बाबांची, कुत्र्याची, गणिताची. आणि ४४१७ वर, वेड्यावाकड्या अक्षरात : ‘हे वाचतोय त्याची. त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय.’

त्यानं खाली पाहिलं. बटण सकाळी बसमध्ये तुटलं होतं.

कागद घेऊन तो मॅडमकडे गेला. “मॅडम, यात माझी ओळख पटतेय.”

“ओळख मुलांची झाकायची. तू कोण लागून गेलास?” त्यांनी मानही वर केली नाही. “आणि तुला वाचायचा पगार नाही देत. झाकायचा देतो.”

न वाचता झाकायचं कसं, ते त्यानं विचारलं नाही.

मंगळवारी दुसऱ्या शाळेच्या गठ्ठ्यात पुन्हा ४४१७. एक नंबर दोनदा येऊच शकत नाही. अक्षर तेच. ‘बाईंनी त्याला झापलं. बरं झालं.’

बुधवारी तिसरी शाळा. ‘तो पान उलटतो तेव्हा माझ्या कपाळाला ओलं लागतं. त्याला थांबवा.’

टाचणीनं स्पंजची डबी खणात ढकलली. मग जे करायचं नसतं तेच केलं.

“मास्तर, ४४१७ कोण आहे?”

“डोकं ठिकाणावर आहे का? माझी नोकरी खाशील!”

पण मास्तर उठला. कपाटापाशी पाठ करून बराच वेळ उभा राहिला. किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज आला.

“काय रे?”

“काही नाही. ओळ रिकामी आहे.”

गुरुवारी मास्तर उशिरा आला. दाढी वाढलेली, डबा नाही. तोवर टाचणीनं चौथा गठ्ठा उघडला होता. सवयीनं डबीही बाहेर काढली होती.

‘बाबा खोटं बोलले.’

त्यानं हळूच मास्तरकडे पाहिलं. मास्तर त्याच्याकडेच बघत होता.

“माझी पोरगी आहे ती,” मास्तर म्हणाला. “यादीत नाव, जन्मतारीख, सगळं तिचंच.”

“ती तर...”

“सहाचीही नाही अजून. धड लिहिता येत नाही तिला. सोमवारपासून जेवत नाही. सारखी कपाळ पुसते. कोरडं असतं रे, मी हात लावून बघतो, कोरडं असतं.”

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा उडत होता.

“तू पानं उलटू नकोस,” मास्तर म्हणाला. “हात जोडतो. शब्द दे मला.”

कागदावर खाली आणखी एक ओळ होती. मास्तरला ती दिसत नव्हती.

‘आता तो माझी शपथ घेईल. आणि मोडेल.’

शपथ घ्यायचीच नाही, नुसतं हो म्हणायचं, असं टाचणीनं पक्कं ठरवलं. दात आवळले. अंगठ्याला गार, ओलं लागत होतं. खाली बघायचा त्याला धीर झाला नाही.

“तुझ्या पोरीची शपथ, मास्तर,” तो म्हणाला, “आता एकही पान उलटणार नाही.”